एक चूल, एक दिवा, एक थैली

४ जून १९३३, रविवार. दुपार. अकोला.

खानावळीत वरणात माशी निघाली. मालकाला दाखवली तर म्हणतो, "एकच हाय ना जी?" दोन बोटांनी उचलून फेकली आणि वाटी परत माझ्यापुढं सरकवली. शी! तीच बोटं सकाळी त्याच्या कानात होती. वरण टाकून उठलो. पोळ्या खाल्ल्या, कारण महिन्याचे पैसे भरलेले होते.

वीट आला. जिनिंग फॅक्टरीत मंदीचं निमित्त करून पगार कापला. शेठ त्याला रिट्रेंचमेंट म्हणतो, म्हणजे आम्ही तक्रार करायची नाही. इकडे खोलीभाडं एकट्याच्या बोकांडी, धोबी एकट्याच्या, रॉकेल एकट्याच्या. पहिली बायको वारल्यापासून मी एका माणसासाठी अख्ख्या घराचा खर्च करतो आहे. हे अर्थशास्त्राच्या साफ विरुद्ध आहे.

निर्णय: दुसरं लग्न. भावनेचा काही संबंध नाही.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा ओमप्रकाश म्हणतो, बायको गावाहून आणल्यापासून दोघांचं दीड माणसाच्या खर्चात भागतं. दीड कशाला? शिस्त असली तर एकात भागलं पाहिजे. मी सिस्टम आखली: एक चूल, एक दिवा, एक थैली. थैली अर्थातच माझ्याकडे. घरात मॅट्रिकपर्यंत शिकलेला मी एकटाच असणार.

दिवाळीपर्यंत तिन्ही कलमं अमलात. खाली दोन रेघा ओढल्या.

७ जून.

स्थळ कळलं. सुभद्रा. अमरावतीची, आमच्यातलीच, म्हणजे माळ्याची. नवरा नत्थुजी पटकीनं गेला, मूलबाळ नाही. मळ्यातली भाजी स्वतः बाजारात बसून विकते. भाजी या वस्तूचा मला लहानपणापासून तिटकारा. बापानं जन्मभर वाफ्यांना पाणी दिलं. मी त्या चिखलातून निसटून खुर्चीवर बसलो, ते काय परत त्यात पाय घालायला? पण ओमप्रकाशनं तिला बडनेऱ्याच्या बाजारात पाहिलं आहे. म्हणतो, कमरेची थैली इतकी जड, की बाई एका अंगावर कलून चालते.

मन मोठं ठेवलं पाहिजे. विधवेशी लग्न हा सुधारकी विचार आहे.

११ जून. अमरावतीहून परत. संध्याकाळ.

बोलणी एका म्हातारीनं केली. मनकर्णाबाई. मुलीची आई समजून मी वाकून नमस्कार केला. निघाली सासू! मेलेल्या नत्थुजीची आई. सासूच उठून सुनेचा पाट लावून देते आहे. असला प्रकार मी पाहिला नव्हता. नमस्कार फुकट गेला.

म्हातारीनं मला बाजारात बैल पाहतात तसं पाहिलं. शिक्षण विचारलं नाही. मी आपण होऊन सांगितलं, पुन्हा सांगितलं, तरी ऐकल्यासारखं केलं नाही. विचारलं काय, तर खोली स्टेशनापासून किती लांब? तळमजल्यावर का माडीवर? दार एका फळीचं का दोन? आत गारवा राहते का? मी म्हणालो, स्टेशन जवळ, तळमजला, दार दोन फळ्यांचं, उन्हाळ्यातसुद्धा गार. म्हातारीचा चेहरा खुलला. "दार चांगलं हाय वो," असं सुनेकडे वळून म्हणाली. सुनेच्या सोयीची केवढी काळजी! जुन्या माणसांत हे असतं.

मग सुभद्रेला पाहिलं. पायांची नखं मातीनं काळी. तिच्या हातचं पाणी घेताना डोळे मिटले. थैली मात्र ओमप्रकाशनं सांगितली तशीच आहे.

२० जून.

पाट लागला. बँड नाही, वरात नाही, आहेर नाही. एक लुगडं, नारळ, पानसुपारी. इतका स्वस्त कार्यक्रम मी आयुष्यात पाहिला नाही. सुरुवातच बचतीनं झाली, हा शकुन समजायला हरकत नाही.

२१ जून. सकाळ.

थैलीचा विषय काढला. शांतपणे, उदाहरणं देऊन. दोन थैल्या म्हणजे दोन गळत्या, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमची तुमच्यापाशी, माही माह्यापाशी. भाडं निम्मं निम्मं." मग गाठ चाचपून पदर खोचला.

सध्या सोडून दिलं. बाई नवी आहे. दडपण नको.

२४ जून. सकाळी.

दाराची रुंदी कशाला विचारली ते आज कळलं.

पहाटेच्या गाडीनं अमरावतीहून माल आला. टोपल्या, पोती, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या जुड्या. हमाल एकामागून एक आत येत होते आणि मी धोतर आवरत भिंतीला चिकटून उभा होतो. सुभद्रेनं समजावलं: इकडच्या विहिरी खारट, त्यामुळे अकोल्यात अमरावतीच्या भाजीला भाव जास्त. मळा म्हातारी पाहते, माल गाडीत चढवते. ही इथं उतरवून घेते, बाजारात विकते. फक्त स्टेशनाजवळ गार जागा मिळत नव्हती. "आता मिळाली," ती म्हणाली. पहिल्यांदाच हसली.

माझ्या टेबलावर मेथी आहे. माझ्या खुंटीला भोपळा टांगला आहे. ऑफिसचा कोट असतो तिथं टमाट्यांची टोपली आहे, आणि कोट कुठं आहे ते कोणालाच माहीत नाही.

दुपारी, ऑफिसात.

कोट सापडला. पोत्याखाली. खिशात गोगलगाय. केशवराव हेडक्लार्कांसमोर रुमाल काढताना ती टेबलावर पडली. मी ती उचलून परत खिशात ठेवली.

१ जुलै.

चुलीचा आढावा. चूल एक आहे, हे खरं. पण सुभद्रा दुपारी बाजारातच भाकरी खाते. संध्याकाळी घरी शिजतं ते बाजारात न खपलेलं. मला वाटत होतं भाजीवालीशी लग्न केलं म्हणजे कोवळी भेंडी, ताजी तोंडली. छे! मळ्याची माणसं चांगली भाजी खात नाहीत. किडकी, पिचकी, वाकडी, जून झालेली, गिऱ्हाइकानं दाबून टाकून दिलेली, ती आमच्या ताटात. मी म्हणालो, एखाद्या दिवशी चांगली ठेवून घे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी देवळातला नारळ पळवायला सांगतो आहे. "ते विकाची हाय," म्हणाली.

भाजी फुकट पडते आहे, हे मान्य केलं पाहिजे. कोबीत अळी होती.

५ जुलै.

चातुर्मास लागला. अर्धं अकोला वांगं सोडतं. पण वांग्याच्या झाडाला हे कोणी सांगितलेलं नाही. माल येतो तेवढाच येतो, खपत नाही, आणि घरी येतो.

काल वांगं. आज वांगं.

मीही या वर्षी वांगं वर्ज्य करण्याचा निश्चय केला. धर्म म्हणून. सुभद्रा म्हणाली, "हाव, सोडा ना. मंग दुसरी भाजी तुमच्या थैलीतून आणा."

निश्चय पुढच्या वर्षी.

१५ जुलै.

दिव्याचा आढावा. ती तिन्हीसांजेला आडवी होते आणि भल्या पहाटे स्टेशनावर जायला उठते. म्हणजे संध्याकाळी कंदील मला, पहाटे कंदील तिला. पूर्वीपेक्षा रॉकेल दुप्पट. शिवाय वासानं झोप लागत नाही. कोथिंबिरीचा, इकडच्या सांबाराचा, वास लोकांना आवडतो म्हणे. त्यांनी पोतंभर सांबार उशाशी घेऊन झोपून पाहावं. कुजायला लागला की मेलेल्या ढेकणाचा वास येतो.

ऑफिसात ओमप्रकाशनं विचारलं, बचत कशी काय? म्हणालो, अपेक्षेपेक्षा जास्त. बायको मला विचारल्याशिवाय पैसा हलवत नाही. ओमप्रकाशनं केशवरावांना सांगितलं. केशवरावांनी मान डोलावली. बरं वाटलं.

३० जुलै.

घरमालकीण गोदाबाई भाडं न्यायला आली. सुभद्रा म्हणाली, खोलीत जास्त जागा टोपल्यांची, तर जास्त भाडं मी देते. न्यायाची बाई आहे, हे मी मोकळेपणानं लिहून ठेवतो. महिन्याचे बरेच पैसे वाचले.

पावती मात्र तिच्या नावानं फाडली. मी हरकत घेतली. गोदाबाई म्हणाली, "जो जास्त देते त्याचं नाव. तुमी राहा ना, कोन नाई म्हनते?"

१३ ऑगस्ट.

आज जे घडलं ते लिहावं की नाही, याचा विचार करतो आहे.

श्रावणामुळे हमालांनी दर चढवले. सुभद्रा निमूट द्यायला निघाली. घरातून पैसा बाहेर चाललेला माझ्यानं पाहवला नाही. मी म्हणालो, आजच्या दिवस एक टोपली मी आणतो. प्रिन्सिपल म्हणून. तोंडाभोवती उपरणं गुंडाळलं, डोळे तेवढे उघडे, आणि ढेमशांची टोपली डोक्यावर घेतली. खालून पाणी गळत होतं. मानेवरून पाठीत, पाठीवरून आणखी खाली.

स्टेशनाच्या वळणावर केशवराव हेडक्लार्क उभे! त्यांच्याकडे आज सत्यनारायण. "काय भाव, बाबा?" म्हणाले. मला "बाबा" म्हणाले. आवाज ओळखतील म्हणून मी घशातून काही तरी पुटपुटलो. त्यांनी ऐकला तो भाव अर्ध्याहून कमी. खूश झाले. "टोपली पुरी दे," म्हणाले. नाही म्हणायला बोलावं लागलं असतं. त्यांच्या घरापर्यंत टोपली पोचवली, मागच्या दारानं. वहिनींनी ढेमसं पालथी करून पाहिली आणि दोन किडकी परत दिली.

सुभद्रेला पैसे दिले. तिनं तळहातावर पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. "हा भाव कोनं सांगितला?"

मी म्हणालो, मंदी आहे.

"तोंड झाकलं तं झाकलं जी, भाव तं नीट सांगाचा." आणि उरलेली रक्कम माझ्याकडून भरून घेतली. हमाल स्वस्त पडला असता.

त्या दोन किडक्या ढेमशांची भाजी केली.

१४ ऑगस्ट. ऑफिस.

केशवरावांनी सगळ्यांना सांगितलं, काल एका मुक्या माळ्यानं मातीमोल भावात भाजी दिली. म्हणाले, गरीब माणसं प्रामाणिक असतात.

१० सप्टेंबर.

मनकर्णाबाई आली. गुडघे दुखतात, इथं डॉक्टरला दाखवायचं, आठ दिवस राहणार, तोवर मळा गड्याकडे. सोबत गाठोडं, पितळी तांब्या, खलबत्ता आणि कोंबडी. आठ दिवसांसाठी खलबत्ता कोण आणतं?

पाहुण्यांचा खर्च कोणत्या थैलीतून, हे आधीच विचारून घेतलं. म्हातारी म्हणाली, "बाबू, तू नोको भेऊ. तुह्यात काय हाय ते मले मालूम हाय."

कोंबडी माझ्या बुटात बसते.

१८ सप्टेंबर.

आठ दिवस संपले. म्हातारी तंबाखू मळत बसली आहे, थुंकायला उठत नाही, टिनाच्या डब्यात थुंकते. तो डबा माझ्या बुटपॉलिशचा होता. शिसारी येते. दात नाहीत, तरी वांगं हिरड्यांनी चावून चावून खाते आणि चावताना माझ्याकडे पाहते.

२३ सप्टेंबर. संध्याकाळ.

आज ऑफिसातून लवकर आलो. दार लोटलेलं होतं. आत दोघी जमिनीवर समोरासमोर बसल्या होत्या. सुभद्रेनं कमरेची थैली सोडली आणि म्हातारीच्या ओटीत उलटी केली. खळकन. मोजलं नाही, विचारलं नाही. म्हातारीनं त्यातलं मूठभर काढून गाडीभाड्याचं बाजूला ठेवलं, मूठभर मोटेच्या नाड्यासाठी, एक रुपया सुभद्रेच्या हातावर ठेवला. म्हणाली, "चोळी फाटली वो तुही, नवी घे." सुभद्रा म्हणाली, आत्याबाई, तुमच्या गुडघ्याले तेल घेऊ. दोघी त्या रुपयावरून भांडल्या. दोघींनाही तो नको होता.

मी दारातच उभा. एक थैली! जून महिन्यापासून मी जी सिस्टम समजावून सांगतो आहे, ती माझ्याच घरात बिनबोभाट चालू होती. फक्त मी तिच्यात नव्हतो.

किळस आली. कशाची ते नीट सांगता येत नाही.

२६ सप्टेंबर.

विचार करून नवा निश्चय. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. त्या दिवशी वातावरण चांगलं असतं. त्या दिवशी थैली मागायची. तोपर्यंत गोड बोलायचं. म्हातारीशीसुद्धा.

२ ऑक्टोबर.

म्हातारीशी गोड बोललो. तिनं मला तिचे गुडघे चोळायला दिले.

२० ऑक्टोबर. पाडवा. दुपार.

अभ्यंगस्नान. कोंबडीनं उटण्यात पाय घातला होता, तेच लावलं. सुभद्रेनं ओवाळलं. नवी चोळी नव्हतीच. रुपयाचं तेल आणलं असणार. दिव्याच्या उजेडात बाई बरी दिसते, हे मान्य केलं पाहिजे. मी ताटात आठ आणे टाकले. मोठ्या मनानं. तिनं ते उचलले आणि मागं न पाहता हात मागं केला. म्हातारीनं घेतले.

मग मात्र माझा तोल गेला. म्हणालो, या घरात एकच थैली राहील आणि ती नवराबायकोची राहील. तिसऱ्या माणसाचं इथं काम नाही. एक तर म्हातारी जाईल, नाही तर मी जाईन. (मी जाईन हे बोलण्याच्या भरात आलं.)

म्हातारी अंगणात कोंबडीमागं गेली होती. सुभद्रा आरतीचं तबक पुसत म्हणाली, नत्थुजी गेला तेव्हा दीर तिला बाहेर काढायला निघाले होते. म्हातारी दारात आडवी बसली. हिले काढता तं मलेबी काढा, म्हणाली. आपला अर्धा मळा सुनेला दिला. तेव्हापासून दोघी एका ताटात जेवतात. "अन् पाटाचं बी तिनंच काढलं. मी तं नाईच म्हनून राहिली होती. ते म्हने, मी मेल्यावर तुह्याजवळ कोनी तरी पायजे."

हे सगळं मुद्द्याला सोडून होतं. पण "कोनी तरी" हे लागलं. एवढा मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस निवडला, आणि त्याला कोनी तरी?

मी म्हणालो, उद्यापर्यंत निर्णय पाहिजे.

२१ ऑक्टोबर. सकाळी.

निर्णय झाला. सुभद्रा पहाटेच्या गाडीनं अमरावतीला गेली.

म्हातारी इथंच आहे.

२३ ऑक्टोबर.

सगळं माझ्या मनासारखं घडतं आहे. दोन दिवसांत बाईचं डोकं थंड होईल आणि ती आपण होऊन येईल. मी मुळीच जाणार नाही. म्हातारीला विचारलं, तुम्ही का नाही गेलात? म्हणाली, गाडीत चढवत नाही, गुडघे. "अन् दुकान कोन पाहीन?" आता ती सकाळी काठी टेकत भाजीबाजारात जाऊन बसते. माल येतोच आहे. हमाल आत येतात, मी भिंतीला चिकटतो.

२९ ऑक्टोबर.

आली नाही. कंदील आता पहाटे लागत नाही, रॉकेलची बचत आहे. पहाटे जाग येतेच. जाग आल्यावर अंधारात टोपल्या दिसतात.

चातुर्मास संपला. लोक वांगं खायला लागले. आमच्याकडे आता मुळा उरतो.

५ नोव्हेंबर. अमरावतीहून परत.

गेलो होतो. समजूत काढायला नव्हे, परिस्थिती पाहायला.

मळ्यात ती पाणी वळवत होती. पलीकडे गडी मोट हाकत होता. गुडघाभर चिखल, लुगडं खोचलेलं, हातात फावडं. मी बांधावर उभा राहिलो, कारण बूट धुतलेले होते. म्हणालो, झालं गेलं विसरलो आहे, चल. ती म्हणाली, आत्याबाईच्यानं आता मळा होत नाही, तिच्यानं बसून विकणं होते. म्हणून ती तिकडे, मी इकडे. बाजाराच्या दिवशी येत जाईन. "एका घरात दोन मानसं राहिली का खर्च वाचते, तुमीच तं सांगता. मंग तुमी अन् आत्याबाई राहा ना जी."

मी म्हणालो, ते नवराबायकोसाठी असतं.

ती थांबली. फावडं जमिनीत रोवलं आणि सरळ माझ्याकडे पाहून विचारलं, "तुमाले थैली पायजे का मी?"

प्रश्न अवघड होता. थैली म्हणावं तर वाईट दिसतं. तू म्हणावं तर थैलीवरचा हक्क कायमचा सुटतो. दोन्ही बाजू सांभाळून उत्तर कसं द्यावं याचा मी विचार करू लागलो. उत्तर जवळजवळ जुळत आलं होतं, तेवढ्यात वाफा फुटून पाणी वाटेवर आलं आणि ती तिकडे धावली. परत आली तेव्हा म्हणाली, "निंगा आता, गाडी चुकन तुमची."

विचारी माणसाला विचार करायला वेळ लागतो. यात माझी काय चूक?

बडनेऱ्याला गाडीची वाट पाहताना उत्तर सुचलं. तू. फलाटावर मोठ्यानं म्हणालो. एका हमालानं वळून पाहिलं आणि विचारलं, सामान कुठं आहे?

गाडीत वाईट वाटत होतं. डब्यात कोणी तरी मुळे घेऊन बसलं होतं, त्याचाही वास होता. पण वाईट त्याचं वाटत नव्हतं.

१२ नोव्हेंबर.

बाजाराचा दिवस. सुभद्रा आली. उत्तर सांगायचं ठरवून दाढी केली होती. ती पूर्ण वेळ म्हातारीशी बोलत होती. गडी काय म्हणाला, गाय व्याली का, संत्र्याला बहर कसा. निघताना मला म्हणाली, "तब्येत बरी हाय ना?" मी म्हणालो, हो. ती गेली.

तब्येतीची चौकशी केली, ही प्रगती आहे.

१९ नोव्हेंबर.

आज सांगणारच होतो. पाऊस नव्हता, काही नव्हतं. तिच्याबरोबर स्टेशनापर्यंत गेलो, टोपल्या घेऊन. उपरणं न गुंडाळता. केशवराव समोरून आले. माझ्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं. ढेमसं आठवली असणार. या गडबडीत सांगायचं राहिलं.

२६ नोव्हेंबर.

सुभद्रा आली नाही. गव्हाला पाणी आहे म्हणे. हमालाच्या हाती निरोप पाठवला, तो म्हातारीसाठी.

३ डिसेंबर. रविवार, संध्याकाळ.

काल पगार झाला. म्हातारीनं ठरवून दिल्याप्रमाणे घरखर्चाचे तिच्या हातात ठेवले, बाकीचे बंडीच्या आतल्या खिशात. एवढं स्वातंत्र्य पुरुषाला पाहिजे.

आज शेजारी नवं बिऱ्हाड आलं. मैनाबाई म्हणून बाई आहे, तोंडाळ दिसते. चुलीसाठी विस्तव मागायला आली आणि दारातच बसली. मी जेवत होतो. तिनं माझ्याकडे बोट केलं आणि म्हातारीला विचारलं, हे कोण?

म्हातारी म्हणाली, "माह्या सुनेचा नवरा."

मैनाबाईनं जरा विचार केला. म्हणाली, "म्हंजे तुमचा लेकच ना वो?"

म्हातारीनं तंबाखू मळता मळता माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून घास चावत होतो. हात मात्र थांबला होता. ती काय म्हणते याकडे माझं इतकं लक्ष का लागलं होतं, मला माहीत नाही.

"लेक असता," म्हातारी म्हणाली, "तं पगार पुरा हातावर ठेवला असता."

मैनाबाई हसली. मी जेवण संपवलं, हात धुतले, आणि बंडीच्या खिशातले सगळे पैसे काढून म्हातारीच्या पुढ्यात ठेवले. खडसावून सांगायचं होतं की हे मी कोणाच्या बोलण्यावरून करत नाही, यामागं माझा स्वतंत्र विचार आहे.

तिनं मोजले नाहीत. थैलीत टाकले, गाठ मारली आणि मैनाबाईकडे वळली.

"पन गरीब हाय वो," म्हणाली. "राहू देलं आमी त्याले."